वाघमारे बाईंचा अंगठा

माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करून घ्यायचं, अशी आमच्या मित्रमंडळींत रीत आहे. मी एका चढाईत सात गडी टिपले म्हणालो की लोक साडेतीन धरतात आणि अर्धा गडी कसा टिपतात यावर चहा संपेपर्यंत चर्चा करतात. माझी शिट्टी निघोज्याच्या मैदानावर वाजली की देहूरोडच्या छावणीत जवान सावधान होतात, हेही मी वर्षानुवर्षं सांगत आलोय आणि निदान एका माजी सुभेदारांचा त्यावर विश्वास आहे. ते असो. वाघमारे बाईंबद्दल सांगतोय त्यातून मात्र काही वजा करू नका. त्यांच्याविषयी वाढवून सांगायला गेलो की माझ्या स्वतःच्या अंगठ्याला मुंग्या येतात.

अंगठ्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाईंची सुरुवात तिथूनच होते.

बाई आधी भोसरीत आणि मग चाकणला, मिळून एकतीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होत्या. ब्रेकचे पार्ट. धातू कापला की काठावर केसाएवढी कूस राहते. डोळ्याला दिसत नाही, पण ब्रेक लागायच्या वेळी नको तिथे अडते. ती कूस शोधायची बाईंची पद्धत म्हणजे उजवा अंगठा. कंपनीने परदेशातून यंत्रं आणली, पण शेवटच्या टेबलावर बाईंचा अंगठा फिरल्याशिवाय पेटी बंद होत नसे. त्या अंगठ्याचं पेर सपाट आणि चकचकीत झालं होतं, खूप वापरलेल्या नाण्यासारखं. आधार कार्ड काढायला गेल्या तेव्हा यंत्राने तो अंगठा मानायलाच नकार दिला.

‘मॅडम, तुम्हाला ठसाच नाही,’ तिथला पोरगा म्हणाला.

‘होता. थोडा थोडा सगळ्या पार्टना वाटून टाकला,’ बाई म्हणाल्या. ‘डावा घे.’

टपरीवर ग्लासाच्या काठावरून अंगठा फिरवल्याशिवाय त्या चहा तोंडाला लावत नसत. बसमध्ये बसल्या की आधी समोरचा दांडा तपासायच्या. देहूरोडला त्यांच्या वस्तीतल्या विहारात एक लहानसं वाचनालय आहे. तिथे दर रविवारी सकाळी त्या परत आलेली पुस्तकं अंगठ्यावर फर्रर्र सोडायच्या आणि सांगायच्या, ‘यातलं एक पान फाडलंय, चाळिशीच्या आसपास.’ उघडून बघावं तर एकेचाळीस-बेचाळीस गायब. वाचक लगेच पान आणून देत. चोरलेलं पान घरी ठेवायची कोणाची छाती होत नसे.

आता आमचं केंद्र. निघोज्याच्या बाहेर एक पत्र्याची शेड आणि पुढे कबड्डीपुरतं मैदान. चौदा ते अठरा वर्षांची, कुठल्या ना कुठल्या भानगडीत सापडलेली मुलं इथे येतात. कोणी दुसऱ्याची बाईक फिरवायला नेऊन परत द्यायला विसरलेला, कोणी मारामारीतला, कोणी चालत्या गाडीवरून फोन हिसकावलेला. बाल न्याय मंडळ त्यांना घरी सोडतं ते एका अटीवर. मंगळवार, गुरुवार, रविवार, दुपारी चार ते सहा केंद्रात यायचं, समुपदेशकाशी बोलायचं आणि खेळायचं. दारावर पाटी आहे, ‘समुपदेशन व मनोरंजन’. समुपदेशन म्हणजे अनघाताई. वयाने माझ्या भाचीएवढी, शिक्षणाने माझ्या आजोबांएवढी. मनोरंजन म्हणजे मी. पाटोळे सर.

शेड एका कंपनीने वापरायला दिलेली होती. दोन वर्षं झाल्यावर कंपनीने म्हटलं, मुलं सुधारतात की नाही, याचं मूल्यमापन करून दाखवा. रास्तच होतं. आमच्या संस्थेने पुण्याहून एक तरुण आणला. त्याच्याकडे टॅब होता आणि टॅबवर पाच चेहरे. एका टोकाला रडका, दुसऱ्या टोकाला हसरा. ‘गेल्या महिन्यात तुला रागावर ताबा ठेवता आला का?’ असा प्रश्न यायचा. एका मुलाने तर शेजारच्याच्या बरगडीत कोपर हाणत हाणत हसरा चेहरा दाबला. झाडून सगळ्यांनी हसराच दाबला. अहवाल इतका सुंदर आला की तो वाचून मला स्वतःला गुन्हा करून केंद्रात दाखल व्हावंसं वाटलं.

कंपनीचे प्लांटप्रमुख मशीनवरच्या कामगारापासून वर चढलेले होते. त्यांनी अहवाल चाळला आणि विचारलं, ‘एकही रिजेक्ट नाही? मग इन्स्पेक्शन झालंच नाही.’ आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या वाघमारे बाईंना सहा महिन्यांसाठी आमच्याकडे धाडलं. बाई लिहून देतील त्यावर शेड ठेवायची की काढून घ्यायची ते ठरणार होतं.

बाई आल्या त्या स्वतःचं स्टूल घेऊन. निरोपसमारंभात लोकांना घड्याळ मिळतं. बाईंनी इन्स्पेक्शन टेबलामागचं लोखंडी स्टूल मागून घेतलं होतं. मैदानाच्या कोपऱ्यात ते ठेवलं, त्यावर बसल्या, आणि पहिली गोष्ट मागितली ती माझी हजेरीवही.

मी वही दिली ती रुबाबात. बाईंनी मजकूर वाचलाच नाही. पान उलटलं आणि मागच्या बाजूने अंगठा फिरवला. वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे.

‘सर, हे एका बैठकीत भरलंय.’

‘काय म्हणता.’

‘दोन तारखेचा ह आणि पंधरा तारखेचा ह एकाच दाबाने उमटलेत. माणूस पंधरा दिवस एकाच हाताने लिहीत नाही. एखाद्या दिवशी घाई असते, एखाद्या दिवशी बायकोशी भांडून आलेला असतो. इथे सगळं गुळगुळीत लागतंय.’ मग त्यांनी पान सुलटं केलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नजर टाकली. ‘आणि आज बारा तारीख आहे.’

मी शांतपणे समजावून सांगितलं. महिन्याच्या एक तारखेला चहा घेता घेता अख्खा महिना भरून टाकायचा, ही आम्हा खेळाच्या मास्तरांची जुनी सोय आहे, मुलं काय येतातच मागेपुढे.

‘किती येतात?’

‘बावीस.’

बाईंनी शेडच्या दाराकडे पाहिलं. ‘चपला अकरा जोड आहेत.’

‘काही मुलं अनवाणी येतात.’

‘अकरा?’

‘हल्लीची मुलं,’ मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. कुठलाही पार्ट हातात असला तरी त्यांचा चेहरा बदलत नसे. मग मीच खाली आलो. म्हणालो, ‘बाई, अकरा लिहिलं तर शेड जाईल. मग ते अकराही रस्त्यावर.’

‘बावीस लिहिलं की न आलेल्या अकरांना शोधायला कोणी जात नाही, सर. ते कागदावर इथेच असतात.’

मी पुढच्या महिन्यापासून खरं लिहायचं कबूल केलं. एक तारीख आली, चहा आला, आणि हात आपोआप चालला. सवय म्हणतात ती ही. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी स्वतःची वही काढली.

त्या वहीचं काय सांगू. चौकड्यांची लांबट वही, तारखा लाल शाईने, बाकी निळ्या. मी चोरून वाचायचो. तिच्यात ‘वर्तनात सुधारणा’ असले शब्द नव्हते. एका मुलाचं उदाहरण देतो. त्याला सागर म्हणू. खरं नाव लिहायला कायद्याची बंदी आहे आणि मी ती पाळतो. सोळा वर्षांचा, फोन हिसकावण्याच्या प्रकरणातला, आई कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटणारी. कॅरममध्ये हरला की स्ट्रायकर भिरकावून द्यायचा. बाईंच्या वहीत: ‘सागर. हरला. स्ट्रायकर फेकला. आणायला सांगितलं. चौथ्यांदा सांगितल्यावर आणला.’ पुढच्या आठवड्यात: ‘तिसऱ्यांदा सांगितल्यावर आणला.’ दीड महिन्याने: ‘एकदाच सांगावं लागलं.’ आणि मग एक ओळ, जी वाचून मी कबड्डी दहा मिनिटं थांबवली होती: ‘न सांगता आणला. दुसऱ्याच्या अंगावर फेकून दिला, पण आणला.’

हेच बाईंचं मूल्यमापन. टॅबवरचा चेहरा नाही, किती वेळा सांगावं लागतं ते.

मुलांना बाई कंपनीत काय करायच्या ते कळलं होतं. तिथे तपासलेले पार्ट तीन डब्यांत जातात: हिरव्यात पास, पिवळ्यात दुरुस्तीचे, लाल डब्यात भंगार. एका गुरुवारी सागर स्टुलासमोर येऊन उभा राहिला. खिशात हात, मान तिरकी, आवाज मुद्दाम मोठा.

‘बाई, मी कुठल्या डब्यात?’

सगळी पोरं थांबली. अनघाताई दारात येऊन उभी राहिली. मीही शिट्टी तोंडातून काढली.

‘डबे पार्टना असतात,’ बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. ‘तू आज दोन फाऊल केलेस. तेवढं लिहिलंय.’

‘तेवढंच?’

‘अजून करायचेत?’

‘न्हाई,’ म्हणाला आणि परत गेला. जाताना खिशातले हात बाहेर होते. हे बाईंनी लिहिलं की नाही मला माहीत नाही. मी लक्षात ठेवलं.

अनघाताईच्या समुपदेशनाचं मूल्यमापन अवघड होतं, कारण त्या खोलीत तिसऱ्याने बसायचं नसतं. बाईंनी स्टूल उचललं आणि खोलीच्या बाहेर, दारापासून चार पावलांवर ठेवलं. दोन आठवडे त्या फक्त दार बघत होत्या. मुलगा आत कसा जातो, बाहेर कसा येतो, दार ओढतो की आपटतो, चपला घालायला किती वेळ लावतो. पंधराव्या दिवशी अनघाताईला म्हणाल्या, ‘पोरी, तुझ्यासमोर बसलेल्या मुलाची पाठ दाराकडे असते का?’

‘हो. म्हणजे त्याचं लक्ष विचलित होत नाही.’

‘त्याचं सगळं लक्ष पाठीत असतं. पकडून आणलेला मुलगा दाराकडे पाठ करून बसत नाही. खुर्ची फिरव.’

अनघाताईने खुर्ची फिरवली. आता तिची पाठ दाराकडे आणि मुलाला दार समोर. त्या आठवड्यात तीन मुलं ठरल्या वेळेपेक्षा जास्त बसली. एक तर बाहेर येऊन चपला न घालताच पायरीवर बसून राहिला. अनघाताईने मला नंतर सांगितलं, ‘सर, दोन वर्षं मी स्वतःला दोष देत होते. खुर्ची होती ती.’ मी म्हणालो, ‘माझंही तसंच काहीतरी असणार.’ ती म्हणाली, ‘तुमची खुर्ची नाही, सर. तुम्हीच आहात.’ बाईंच्या संगतीने पोरगी फार स्पष्ट बोलायला लागली होती.

पाचव्या महिन्यात ते झालं ज्याची भीती केंद्रातल्या प्रत्येकाला कायम असते. एका शुक्रवारी सकाळी सागरला पोलिसांनी उचललं. आदल्या दिवशी, गुरुवारी, पाचच्या सुमारास चाकण चौकात बाईकवरून एका बाईचा फोन हिसकावला गेला होता. मागे बसलेला पोरगा अंगाने सागरसारखा, आणि सागरचं नाव आधीपासून कागदावर. त्याची आई कणकेचे हात तसेच घेऊन केंद्रावर आली. बीडकडची बाई. रडत नव्हती, पण एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

‘सर, माझं लेकरू गुरवारी तुमच्याकडंच होतं ना ओ? सांगा ना ओ तसं.’

‘वहिनी, इथेच होता,’ मी म्हणालो. ‘माझ्याकडे लेखी आहे.’

आणि खरंच, तो इथेच होता. मी आयुष्यात फार कमी वेळा इतकं खरं बोललोय.

मंडळापुढे मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. समोर न्यायाधीश मॅडम, दोन्ही बाजूंना एकेक सदस्य. सागर आईशेजारी, नजर फरशीवर. पहिल्या प्रकरणात अट घालून सोडलेला मुलगा पुन्हा त्याच कारणासाठी समोर आला, तर या वेळी घरी जाईल याची खात्री नव्हती. मी हजेरीवही उघडून टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरलो, पैलवान पटका मिळाल्यावर सरतो तसा.

मॅडमनी पान वाचलं. ‘त्या गुरुवारी बावीसच्या बावीस हजर?’

‘होय, मॅडम.’

त्यांनी एका नावावर पेन टेकवलं. ‘हा मुलगा?’

‘हजर, मॅडम.’

‘हा त्या दिवशी निरीक्षणगृहात होता. आम्हीच पाठवलाय.’

मी बोलायला तोंड उघडलं. ज्या तोंडातून निघालेल्या शिट्टीने छावणी सावधान होते, त्यातून हवाही आली नाही. मॅडमनी वही मिटून बाजूला सारली. तसं करताना त्यांना रागही आला नव्हता. रोज अशा वह्या बघत असतील. सागरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो खरंच तिथे होता, माझ्यासमोर चढाई करत होता, आणि माझ्या वहीमुळे आता तो तिथे नव्हता. ती नजर अजून माझ्याकडे आहे.

मागच्या बाकावरून बाई उठल्या. ‘मॅडम, माझ्याकडे एक वही आहे. बघायची असेल तर.’

एका सदस्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ‘गुरुवार. आलेले नऊ. न आलेले तेरा, नावं खाली. सागर चार दहाला आला, पाच चाळीसला गेला. कबड्डीत पडला, उजवा गुडघा खरचटला, हळद लावली. आग होते म्हणाला. दोन फाऊल. अनघाताईंना उलट बोलला. पाणी पिताना रांग मोडून लहान मुलाला ढकललं.’ सदस्य क्षणभर अडखळले. ‘पाटोळे सर अर्धा तास उशिरा आले. त्यानंतर पंचवीस मिनिटं फोनवर.’

‘पाटोळे सर कोण?’ मॅडमनी विचारलं.

‘मीच,’ मी म्हणालो. त्या प्रकरणात माझी दुसरी खरी गोष्ट.

दुसऱ्या सदस्य बाईंनी सागरला जवळ बोलावून पँट वर करायला सांगितली. उजव्या गुडघ्यावर खपली होती, कडेला हळदीचा पिवळा डाग. मॅडमनी वहीची आधीची पानं उलटून पाहिली. प्रत्येक पानावर न आलेल्यांची नावं, प्रत्येक पानावर कोणा ना कोणाची तक्रार, सागरच्या तर सगळ्यात जास्त.

‘तुम्ही या मुलाच्या बाजूने आला आहात?’

‘मी कोणाच्या बाजूची नाही, मॅडम. मी शेवटच्या टेबलावरची. जे समोर येतं ते लिहिते.’

सागर त्याच दुपारी आईबरोबर घरी गेला. ज्या वहीत त्याच्याविरुद्ध इतकं लिहिलं होतं, तिच्यावरच मंडळाने विश्वास ठेवला. माझ्या वहीत त्याच्याविरुद्ध एक अक्षर नव्हतं.

परत येताना सागर, त्याची आई, बाई आणि मी एका रिक्षात होतो. सागर म्हणाला, ‘बाई, तुम्ही सगळंच लिहिता व्हय?’

‘हो.’

‘रांग मोडल्याचं नसतं लिहिलं तर चाललं असतं.’

‘नसतं चाललं,’ बाई म्हणाल्या.

मी वाट बघत होतो की मला काहीतरी बोलतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तळवडे गेलं, पूल गेला, निघोजे आलं. उतरताना फक्त म्हणाल्या, ‘सर, ते गुरुवारचं पान फाडू नका. असू दे तसंच.’ ते पान अजून आहे. नवी वही सुरू केली की मी ते जुन्यातून काढून नव्यात सगळ्यात पुढे शिवतो.

बाईंचा अहवाल दीड पानाचा होता. माझ्याकडे त्याची झेरॉक्स आहे. ‘बावीस मुलांसाठीचं हे केंद्र अकरा मुलांसाठी चालतं. खेळाने मुलं सुधारली असं मी लिहू शकत नाही. खेळ असतो म्हणून ती येतात आणि आली की दिसतात. जो दिसत नाही त्याचं काय झालं ते कोणालाच सांगता येत नाही. न आलेल्यांच्या घरी कोणीतरी जावं. बोलायच्या खोलीत खुर्च्या आता बरोबर आहेत. खेळाचे शिक्षक मोठ्याने बोलतात, मुलांना ते आवडतं. वेळेवर आले तर अधिक आवडेल.’ खाली छापील रकाना होता, पास किंवा रिजेक्ट. त्यात बाईंनी लिहिलं होतं, ‘तपासणी चालू’.

अर्धी शेड कंपनीने परत घेतली. तिथे आता पॅकिंगचे खोके असतात. अर्धी आम्हाला राहिली. अनघाताई आणि मी सोमवारी न आलेल्यांच्या घरी जातो, कुदळवाडीपासून पिंपरी कॅम्पाच्या मागच्या गल्ल्यांपर्यंत. काही पोरं त्यामुळे परत आली, काही आम्हाला बघून मागच्या दाराने पळाली. तेही लिहितो.

सहा महिने संपले तरी बाई येत राहिल्या. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी नको म्हटलं नाही. दोन वर्षं त्या स्टुलावर बसल्या. सहा वाजले की स्टूल उचलायच्या आधी एकच प्रश्न. ‘आज किती?’ मी म्हणायचो, ‘दहा.’ त्या मान हलवायच्या. एवढंच. एवढ्यासाठी मी दिवसभर खरं वागायचो.

मग नजर जायला लागली. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचं काहीतरी सांगितलं, बाईंनी ते लिहून घेतलं. वहीतल्या ओळी एकमेकींवर चढू लागल्या. मुलांना त्या आवाजाने आणि हाताने ओळखायच्या. आलेला पोरगा आधी स्टुलापाशी जाऊन हात पुढे करायचा, बाई तळव्यावरून अंगठा फिरवायच्या आणि नाव सांगायच्या. चुकल्या तर पोरं चुकल्याचं सांगत. बाईंनी तसं बजावलंच होतं.

शेवटी मुलगी त्यांना चंद्रपूरला घेऊन गेली. सुरुवातीला रविवारी फोन यायचा. ‘आज किती?’ सांगितलं की ठेवायच्या. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी फोन आला तो मुलीचा. बाई गेल्या. मी ‘हो’ म्हणालो आणि तिलाच आकडा सांगून बसलो. ‘आज आठ आलेत,’ म्हणालो. ती म्हणाली, ‘आईला सांगायला हवं होतं.’

मैदानाच्या कोपऱ्यात स्टुलाच्या चार पायांचे चार खळगे आहेत. पावसाळ्यात भरतात, उन्हाळ्यात परत दिसतात. कबड्डीची पट्टी आखताना मी मैदान हातभर पलीकडे सरकवलंय. नवीन पोरं विचारतात का, तर मी सांगतो तिथे नाग आहे. सागर आता अठरा पार आहे, चाकणला शिफ्टला जातो. सुधारला का विचारू नका, परवाच मी त्याला सिग्नल तोडताना पाहिलं. पण कधीमधी केंद्रावरून जाताना गाडी हळू करतो आणि कुंपणावरून ओरडतो, ‘सर, आज किती?’ आणि मी पोरं मोजून आकडा ओरडून सांगतो.

बाई चंद्रपूरला जायच्या आदल्या दिवशी केंद्रावर आल्या होत्या. सहा वाजता मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो. स्टूल माझ्या खांद्यावर, हजेरीवही काखेत. बस आली. कंडक्टरने स्टूल पाहून तोंड वाकडं केलं. बाई खिडकीपाशी बसल्या आणि समोरच्या दांड्यावरून अंगठा फिरवला.

‘आज किती?’

‘नऊ.’

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. मला आधी कळलं नाही, मग मी वही दिली. बाईंना आता अक्षर दिसत नव्हतं. पान उलटलं, मागच्या बाजूने अंगठा ठेवला आणि फिरवला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. घाईतले ह, कंटाळ्यातले ह, बायकोशी भांडून आल्याच्या दिवशीचे ह. आणि अधूनमधून गै, जिथे पेन जरा जास्त रुतलं होतं. तिथे अंगठा थांबत होता. मागे ट्रेलर हॉर्न वाजवत होता, कंडक्टरने दोनदा घंटी ओढली.

‘खडबडीत लागतंय,’ बाई म्हणाल्या आणि वही परत दिली.

बस गेली. लोकांना हा प्रसंग सांगताना मी पुढे जोडतो की बाई खिडकीतून वाकल्या आणि ‘पास’ म्हणाल्या. दर वेळी सांगतो, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. इथे लिहितोय म्हणून खरं लिहितो. म्हणाल्या नाहीत.